चांद्याचे लोखंड : वस्तू आणि कृती यांच्या मेळाचा इतिहास

१. दोन प्रश्न

कोणत्याही धंद्यापुढे दोन प्रश्न सदैव उभे असतात. कोणता माल करावयाचा, हा पहिला. आणि तो कसा करावयाचा, हा दुसरा. मराठी भाषेने या दोहोंसाठी निरनिराळे शब्द फार पूर्वीपासून राखून ठेवले आहेत. बाजारात जाते ती 'वस्तू' किंवा 'माल'. आणि ज्या क्रमाने ती सिद्ध होते ती 'कृती'. वैद्याच्या चूर्णाची कृती असते, पक्वान्नाची असते, तशीच ती लोखंडाचीही असते. वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सहज जाते. कृती मात्र शिकावी लागते, जुळवावी लागते, आणि तिला लागणारे साहित्य ज्या ठिकाणी असेल तेथेच ती नांदते.

अलीकडच्या व्यवस्थापनशास्त्रात या दोन प्रश्नांना वस्तु-व्यवस्थापन आणि प्रक्रिया-व्यवस्थापन अशी नावे मिळाली असून, चढाओढीच्या धंद्यात या दोहोंचा तोल कसा राखावा याविषयी विपुल लेखन होत असते. वस्तूची चिंता वाहणारा मनुष्य गिऱ्हाइकाकडे पाहतो. मालाचा गुण, भाव व उपयोग हे त्याचे विषय. कृतीची चिंता वाहणारा मनुष्य भट्टीकडे पाहतो. इंधन किती जळाले, माल वाया किती गेला, आजचा घाणा कालच्यासारखाच उतरला की नाही, हे त्याचे विषय. या चर्चेतील उदाहरणे बहुधा परदेशी कारखान्यांतून घेतली जातात. तथापि हाच प्रश्न विदर्भाच्या पूर्व टोकास, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, लोखंडाच्या निमित्ताने दीडशे वर्षांत वारंवार उपस्थित झालेला आहे. तो जिल्हा आज चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. चांद्याच्या खनिजाची प्रत कधीच हलकी नव्हती. ते खनिज कोणाच्या उपयोगी पडणार, याचा निर्णय मात्र प्रत्येक वेळी कृतीने केला. आणि ज्यांनी केवळ खनिजाच्या गुणाकडे पाहून आशा बांधली त्यांची निराशा झाली.

२. गावची भट्टी

लोहारा, लोहारडोंगरी ही या प्रदेशातील स्थाननामे त्यांच्या पोटातील धातूची साक्ष देतात. लोहारा, पिपळगाव, देऊळगाव या परिसरांतील लोहखनिजाचा उल्लेख एकोणिसाव्या शतकातील सरकारी कागदपत्रांतून पुनःपुन्हा येतो. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. त्यानंतर जी पाहणी झाली तीत या भागात देशी पद्धतीने लोखंड गाळण्याचा धंदा चालू असल्याचे आढळून आले.

या धंद्याची कृती थोडक्यात अशी होती. मातीची, पुरुषभर उंचीहूनही कमी अशी भट्टी बांधावयाची. तिच्यात लोणारी कोळसा आणि फोडून बारीक केलेले खनिज यांचे थर आलटून पालटून घालावयाचे. मातीच्या नळीतून भात्याने वारा द्यावयाचा. काही तासांनी मळी वाहून जाई आणि तळाशी स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरे. तो तापलेला असतानाच घणाखाली घालून त्यातील उरलेली मळी पिळून काढावी लागे. या भट्टीत लोखंड वितळून पातळ होत नसे. खनिजातील प्राणवायू तेवढा निघून जाई आणि धातू घन अवस्थेतच मोकळा होई. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण पुढे, सुमारे शंभर वर्षांनी, तो निराळ्या वेषाने पुन्हा उपस्थित होणार होता.

या व्यवस्थेत वस्तू आणि कृती यांचा मेळ जवळजवळ पूर्ण होता. मागणी होती ती फाळ, कुऱ्हाड, विळा, कुदळ यांची. त्यासाठी मऊ, चिवट आणि गावच्या लोहाराला सहज सांधता येईल असे लोखंड हवे होते, आणि लोणारी कोळशावर निघालेले लोखंड तसेच असे. माल मागणारा, गाळणारा आणि घडविणारा हे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. फाळ मोडला तर शेतकरी दोष कोणाचा हे विचारण्यासाठी थेट भट्टीपर्यंत जाऊ शकत असे. वस्तूच्या गुणदोषांची वार्ता कृतीपर्यंत पोहोचविण्यास मधल्या कोणाची गरज नव्हती.

परंतु या मेळात एक दुबळेपण होते. खनिजातील लोखंडाचा मोठा अंश मळीबरोबर वाया जाई, आणि थोड्याशा लोखंडासाठी पुष्कळ कोळसा जळत असे. जंगल मोकळे आणि बाजार जवळचा होता तोवर हे दुबळेपण कोणास जाणवले नाही. पुढे दोन्ही बाजूंनी परिस्थिती पालटली. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी राखीव वनांतील तोडीवर निर्बंध आले, आणि कृतीचा मुख्य आधार जो कोळसा तोच महाग झाला. त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. वरोऱ्याचा दगडी कोळसा बाहेर नेण्यासाठी तो बांधला गेला. परंतु परतीच्या वाटेवर त्याच मार्गाने विलायती लोखंडाच्या कांबी बाजारपेठांत येऊ लागल्या. या कांबी एकसारख्या मापाच्या व स्वस्त असत, आणि लोहाराचे श्रम त्यामुळे वाचत.

देशी लोखंडाचा गुण या चढाओढीत हरला, असे म्हणणे बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीही काही भट्ट्या पेटत होत्या, त्या या गुणाच्या बळावरच. हरली ती कृती. एका घाण्याला लागणारा कोळसा आणि श्रम कमी करण्याचा कोणताच मार्ग गावच्या भट्टीजवळ नव्हता, आणि तो शोधण्यास लागणारे भांडवल व अवधी तिला कोणी दिला नाही. भट्टीबरोबर भट्टीची भाषाही मावळली. खनिजाच्या प्रती, वाऱ्याचे प्रमाण, मळीचा रंग हे ओळखण्याचे शब्द ज्यांच्या जिभेवर होते त्यांनी दुसरे धंदे धरले. कृती बहुतांशी तोंडी शिकविली जात असे. म्हणून बोलणारे गेले तेव्हा ज्ञानही गेले.

३. १८८२ चा अहवाल

गावची भट्टी खालावत असतानाच मोठ्या कारखान्याची कल्पना पुढे आली. रिटर फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या धंद्याच्या आर्थिक भवितव्यासंबंधी एक अहवाल सिद्ध केला. तो १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम प्रतीचे आहे आणि वरोऱ्याची कोळशाची खाण त्यापासून फार दूर नाही, ही त्यातील आकर्षक बाजू होती. खनिज आणि कोळसा नकाशावर एकमेकांजवळ दिसले की कारखाना निम्मा उभा राहिला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

हा अहवाल जमशेदजी टाटा यांच्या वाचनात आला. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू होऊन पाच वर्षे लोटली होती. या गिरणीने त्यांना जो धडा दिला तो येथे अप्रस्तुत नाही. मुंबई सोडून नागपुरास गिरणी काढण्यात कापूस, कोळसा आणि बाजार यांच्या सान्निध्याचा हिशोब होता. परंतु केवळ सान्निध्याने सूत चांगले निघाले नाही. आरंभीची यंत्रे हलकी ठरली व ती बदलावी लागली. पुढे नव्या रिंग चात्यांचा प्रयोग टाटांनी याच गिरणीत, इतरांच्या आधी केला. मालाची प्रत सुधारावयाची तर यंत्र, हवेतील ओलावा, मजुरांची हजेरी अशा कृतीच्या बारीकसारीक अंगांना हात घालावा लागतो, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते.

म्हणून चांद्याच्या लोखंडाविषयी त्यांनी पहिला प्रश्न खनिजाचा विचारला नाही, कोळशाचा विचारला. वरोऱ्याच्या कोळशाची परीक्षा करविण्यात आली आणि तो झोतभट्टीस उपयोगी नाही असा निष्कर्ष निघाला. याचे कारण कृतीतच आहे. झोतभट्टीत खनिज, चुनखडी आणि कोक यांचा उंच स्तंभ रचलेला असतो. त्या भाराखाली चिरडला न जाणारा, कठीण आणि सच्छिद्र असा कोक लागतो, आणि तो विशिष्ट जातीच्या कोळशापासूनच तयार होतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा इंजिनाच्या बाष्पकपाटास चालतो. भाजून त्याचा कोक मात्र होत नाही. खाणकामाच्या परवान्यांसंबंधीचे तत्कालीन सरकारी नियमही जाचक होते. परिणामी योजना बाजूस ठेवावी लागली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तिचा कोळसा लोखंडाच्या कामी कधीच आला नाही.

याच सुमारास बंगालमध्ये बराकर येथे जे घडले ते तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथील लोखंडाचा कारखाना १८७० नंतरच्या दशकात निघून १८७९ मध्ये बंद पडला. सरकारने तो ताब्यात घेतला आणि काही काळ याच श्वार्त्स यांच्या देखरेखीखाली चालविला. १८८९ मध्ये तो पुन्हा खासगी कंपनीकडे गेला. बराकरजवळ कोक होण्याजोगा कोळसा होता. तेथील खनिज चांद्याच्या तोडीचे नव्हते. तरीही कारखाना टिकला. उत्तम खनिज असलेल्या जागी भट्टी पेटली नाही, आणि सामान्य खनिज असलेल्या जागी ती पेटली. या विरोधाभासाचे उत्तर खनिजात सापडत नाही, ते कृतीत आहे.

४. १९०४ : चांद्याचा निरोप

१८९९ साली दोन गोष्टी घडल्या. मेजर माहोन यांनी हिंदुस्थानात लोखंड व पोलाद तयार करण्याच्या शक्यतेवर अहवाल दिला, आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत खाणकामाचे नियम सैल करण्यात आले. टाटांनी जुनी योजना पुन्हा हाती घेतली. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले, तेथील कारखाने पाहिले आणि चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्यास सल्लागार नेमले. पेरिन यांचे सहकारी भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी दोराबजी टाटा व शापूरजी सकलातवाला यांच्यासमवेत चांद्याचे जंगल पालथे घातले. रस्ते नसलेल्या त्या मुलुखात बैलगाडीने प्रवास करीत ही शोधमोहीम झाली.

निष्कर्ष असा निघाला की, खनिज खरोखरच समृद्ध आहे. परंतु ते विखुरलेले असून, मोठ्या कारखान्यास वर्षानुवर्षे पुरेल इतका साठा एका जागी नाही. आणि कोक देणारा कोळसा तर नाहीच. येथे 'मोठा कारखाना' या शब्दांकडे लक्ष दिले पाहिजे. गावच्या भट्टीस लोहाऱ्याची टेकडी पिढ्यान्‌पिढ्या पुरली असती. खनिज कमी होते ते नव्या कृतीच्या मानाने. झोतभट्टी एकदा पेटविली की ती रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालवावी लागते. ती थंड होऊ देणे म्हणजे भांडवल गोठू देणे. तेव्हा साठा 'पुरेसा' आहे की 'अपुरा', हे विशेषण भूगर्भाने दिलेले नसते. ते कृती ठरविते.

योजना सोडल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असताना तेथील संग्रहालयात त्यांच्या दृष्टीस एक भूशास्त्रीय नकाशा पडला, आणि त्यावरून दुर्ग जिल्ह्यातील धल्ली-राजहरा येथील लोहपर्वतांचा शोध लागला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यापाठोपाठ प्रमथनाथ बोस यांचे २४ फेब्रुवारी १९०४ चे पत्र आले. त्यात मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती होती. झरियाचा कोक होणारा कोळसा आणि कलकत्ता बंदर ही दोन्ही मयूरभंजास जवळ पडत. जमशेदजींचे १९ मे १९०४ रोजी जर्मनीत निधन झाले. योजना त्यांच्या मागे पुढे गेली, पण चांद्यास नव्हे. धल्ली-राजहराचे खनिज त्या वेळी वापरात आले नाही. अर्ध्या शतकानंतर भिलाईच्या कारखान्याने ते वापरले, आणि तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली.

चांदा सोडण्याचा हा निर्णय स्थानिक दृष्टीने दुःखद, पण धंद्याच्या दृष्टीने अचूक होता. बावीस वर्षे मनात बाळगलेली जागा केवळ बाळगली म्हणून धरून ठेवली नाही, यातच त्याचे महत्त्व आहे. वस्तूचे ध्येय, म्हणजे देशी पोलाद, कायम राहिले. बदलले ते कृतीचे ठिकाण.

५. साकची : तोल कसा साधला

टाटा लोखंड व पोलाद कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली. साकची येथे २ डिसेंबर १९११ रोजी पहिले बीड आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिले पोलाद निघाले. येथे कृतीची अंगे पुरेशी जुळली होती. परंतु केवळ त्यामुळे धंदा उभा राहिला असता असे मानता येत नाही. वस्तू कोणती, याचे उत्तर आधीच मिळालेले होते. सरकारी रेल्वेसाठी दहा वर्षे प्रतिवर्षी २०,००० टन रूळ घेण्याचे आश्वासन मिळाले होते, आणि ते रूळ विलायती मालाच्या प्रमाणास उतरले पाहिजेत अशी अट होती.

या अटीचा परिणाम दुहेरी झाला. गिऱ्हाईक निश्चित झाले. आणि गिऱ्हाइकाची अपेक्षा थेट भट्टीपर्यंत जाऊन पोहोचली. रुळाच्या पोलादात कर्ब व स्फुरद यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेत ठेवावे लागते. ते ठेवावयाचे तर कोळशातील राख, खनिजाची प्रत, भट्टीचे तापमान ही सर्व एकसारखी राखावी लागतात. आरंभी भट्ट्यांची क्रिया स्थिर होण्यास वेळ लागला. जमशेटपुरास सरकारी धातुतपासनिसाची व्यवस्था झाली आणि मालाची परीक्षा कारखान्याच्या दाराशीच होऊ लागली. गावच्या भट्टीपर्यंत शेतकरी मोडका फाळ घेऊन जात असे. त्याच जागी आता तपासनीस आला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. वस्तू आणि कृती यांच्यातील अंतर वाढले की त्यांच्यात बोलणे घडवून आणणारी व्यवस्था मुद्दाम निर्माण करावी लागते. पूर्वी जे शेजारामुळे होत असे, ते आता नियमाने करावे लागले.

पहिल्या महायुद्धात हे रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले. युद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त दराने बाजारात ओतले जाऊ लागले, आणि १९२४ च्या संरक्षण कायद्याने पोलादधंद्यास जकातीचा आधार मिळाला. चांद्याच्या भट्ट्यांना याच प्रकारच्या चढाओढीत असा आधार मिळाला नव्हता. कृती सुधारण्यास अवधी लागतो. तो अवधी कोणास द्यावयाचा हे राज्यकर्ते ठरवितात. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे गावच्या लोहाराच्या पराभवाचा सर्व भार त्याच्या अडाणीपणावर टाकणे किती अन्यायाचे आहे हे ध्यानात येते.

६. कृती पालटली

चांद्याच्या कोळशावरील 'निरुपयोगी' हा शिक्का सुमारे एक शतक टिकला. तो पुसला गेला तो कोळसा बदलल्यामुळे नव्हे, तर कृती बदलल्यामुळे. फिरत्या आडव्या भट्टीत, कोक न होणाऱ्या साध्या कोळशाच्या साह्याने, खनिज न वितळविता त्यातील प्राणवायू काढून घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. तिच्यातून निघणाऱ्या मालास स्पंज लोखंड म्हणतात. या पद्धतीचा भारतातील पहिला कारखाना १९८० मध्ये गोदावरी खोऱ्यात, पालोंचा येथे निघाला. पुढच्या दशकात चंद्रपूरजवळ घुग्घुस येथेही स्पंज लोखंडाचा कारखाना उभा राहिला. ज्या वर्धा खोऱ्याच्या कोळशामुळे १८८२ ची योजना अडली, त्याच खोऱ्यात आता लोखंड निघू लागले.

धातूशास्त्राच्या दृष्टीने ही एका अर्थी जुन्या भट्टीची पुनर्भेट होती. घन अवस्थेतच धातू मोकळा करणे हे तत्त्व दोहोंत समान आहे. भेद आहे तो वस्तूत. गावच्या भट्टीतील गोळा घणाखालून थेट फाळ होऊन बाहेर पडे; स्पंज लोखंड हा अर्धा माल आहे, आणि त्याचे पोलाद होण्यासाठी विजेच्या भट्टीची दुसरी कृती लागते. त्यामुळे अर्ध्या मालाचा भाव दुसऱ्याच्या गरजेवर अवलंबून राहतो. पोलादाचा बाजार मंदावला की त्याची झळ आधी अशा कारखान्यांस लागते. म्हणजे कृतीची अडचण दूर होताच वस्तूचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

लोहाऱ्याहून फार मोठा खनिजसाठा गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरात आहे. तेथील ३४८ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा २००७ मध्ये देण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथील खनिज वाहून नेणारी वाहने मोठ्या संख्येने जाळली. पुढे उत्खनन पुन्हा सुरू होऊन वाढत गेले, आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखानाही उभारण्यात आला. खनिज बाहेर जाणार की जिल्ह्यातच त्याचा माल होणार, हा जुना प्रश्न येथे अगदी स्पष्ट रूपाने मांडला गेला आहे.

परंतु याच डोंगरावर माडिया गोंडांचे ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते. परिसरातील अनेक ग्रामसभांनी खाणीस विरोध नोंदविला. पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी ग्रामसभेस विचारण्याची एक रीत घालून दिली आहे. ही रीतही व्यापक अर्थाने कृतीचाच भाग होय. १८७८ च्या कायद्याने लोहाराचा कोळसा तोडताना कोणास विचारले नाही. आज विचारणे विधीने आवश्यक आहे. ते केवळ कागदावर झाले तर माल निघेल, पण मेळ साधणार नाही.

७. समारोप

या इतिहासातून निघणारे अनुमान मर्यादित आहे, तथापि दृढ आहे. वस्तू आणि कृती यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरी दुय्यम, असा निवाडा चांद्याच्या लोखंडावरून करता येत नाही. उत्तम खनिज असूनही कृतीवाचून १८८२ ची योजना थांबली. उत्तम लोखंड देणारी कृती असूनही बाजाराचे मोजमाप बदलताच गावची भट्टी विझली. साकचीस दोन्ही जुळली, पण ती जुळविण्यासाठी एक जागा सोडण्याचे धैर्य, गिऱ्हाइकाची निश्चिती, कसोटीची व्यवस्था आणि अडचणीच्या काळात राज्याचा आधार इतक्या गोष्टी लागल्या.

धंद्याचा तोल हा तराजूसारखा एकदा साधून ठेवता येत नाही. भट्टीतील वाऱ्यासारखा तो घडीघडीस राखावा लागतो. आणि तो राखणाऱ्या हातांत डोंगराखाली राहणाऱ्यांचे हात आहेत की नाहीत, यावर सुरजागडच्या लोखंडाचा इतिहास पुढे कोणत्या शब्दांत लिहिला जाईल हे अवलंबून राहील.